दोन्हीकडचं ओवाळणं

ही गोष्ट २०१८ सालची. एप्रिल महिना, रविवार, दुपारी चारची फायनल. माझा भाचा अमरसिंह त्या दिवशी चालू सामन्यातून बाहेर पडला आणि पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. गोव्यात आणि कोलकात्यात दहा वर्षं पगारावर फुटबॉल खेळून आलेला, तेहतीस वर्षांचा कॅप्टन. लोक मला अजून विचारतात. गुडघा गेला होता का? पंचाशी भांडला का? कुणी पैसे देऊन फोडला होता का? त्याला विचारायची कुणाची छाती होत नाही, म्हणून मला विचारतात. मी म्हणते, मला काय ठाऊक. ते खोटं आहे. मला ठाऊक आहे. माझ्यामुळं झालं ते, निदान निम्मं तरी.

कोल्हापुरात पोरगी देताना माणसं घर बघतात, शेती बघतात, पोराची नोकरी बघतात, आणि तालीम बघायची विसरतात. माझ्या वडिलांनी तेच केलं. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, जोगेश्वरी तालमीला लागून. वडील तालमीचे वस्ताद. सासर शुक्रवार पेठेत, नरवीर तालमीच्या मागं. बाहेरच्याला वाटेल तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तो असतोच, पण आमच्याकडं तालीम म्हटलं की आधी फुटबॉलची टीम. जोगेश्वरीची जर्सी पिवळी, नरवीरची निळी. लग्नात मी पिवळा शालू नेसले होते तर वऱ्हाडातल्या कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं, "पोरगी आणली, का झेंडा आणला?"

लग्नाआधीची एक गोष्ट सांगायला पाहिजे. १९७४ साली मी वीस वर्षांची होते. जोगेश्वरी लागोपाठ तीन फायनल हरली होती. चौथ्या फायनलला आई म्हणाली, "आक्का, ताट कर. लढाईला निघाल्यात पोरं, ओवाळून पाठीव." मी निरांजन लावलं, तालमीच्या दारात अकरा जणांना ओवाळलं. कॅप्टन ताडासारखा उंच. त्याला कुंकू लावायला मी टाचा उचलल्या, हात हलला, आणि चिमूट त्याच्या उजव्या बुटावर पडली. सगळे हसले. संध्याकाळी त्याच पायानं त्यानं दोन गोल मारले.

झालं. तेव्हापासून फायनल म्हटली की आक्काचं ओवाळणं, आणि कॅप्टनच्या उजव्या बुटाला आक्काच्या हातचं कुंकू. लग्नानंतरही रिक्षा पाठवून मला न्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "जा बाई, तुझी पोरं खोळंबल्यात." दर फायनल जिंकायचे असं नाही. पण हरले की खेळाला नावं ठेवायचे, जिंकले की माझ्या हाताला.

आणि मग १९८९ सालची फायनल. जोगेश्वरी विरुद्ध नरवीर. राजवीर, माझा धाकटा, तेव्हा चार दिवसांचा होता. मी बाळंतिणीच्या खाटेवर. ओवाळायला कोण जाणार? जोगेश्वरी तीन गोलांनी हरली. रात्री दोन्ही पेठा रस्त्यावर आल्या, आणि माझ्या मालकांचं डोकं फुटलं. सात टाके पडले. मारणाऱ्यांच्या घोळक्यात माझा सख्खा भाऊ जोतीराम उभा होता. त्यानं हात लावला नाही. उभा होता, बस.

त्यानंतर नऊ वर्षं मला माहेर नव्हतं. पंचमीला कुणी न्यायला आलं नाही. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. आई गेली तेव्हा मातीला गेले, परतताना घराच्या दारात चप्पल काढून उभी राहिले, तर आत ये असं कुणी म्हटलं नाही. चप्पल पुन्हा घातली आणि चालत शुक्रवार पेठेत आले. ज्या बाईला माहेर आहे तिला हे सांगून कळणार नाही. जेवणखाण सगळं असतं, पण दिवसातून एकदा तरी पायाला वाटतं, कुठंतरी जायचं होतं.

नऊ वर्षांनी संक्रांतीला जोतीरामचा अमर सायकल मारत एकटाच तिळगूळ घेऊन आला. तेरा वर्षांचा होता. "आत्ती, घरात सांगून आलो न्हाय," म्हणाला. मग हळूहळू दार उघडलं. जोतीराम माझ्या मालकांना पुन्हा दाजी म्हणायला लागला. मी पुन्हा पंचमीला जायला लागले, पुन्हा ओवाळायला लागले. त्या वीस वर्षांत देवाची कृपा एवढीच, की फायनलला दोन्ही टीमा कधी समोरासमोर आल्या नाहीत.

२०१८ ला आल्या. जोगेश्वरीचा कॅप्टन अमर, आणि नरवीरचा गोलकीपर माझा राजवीर.

गुरुवारी सेमीफायनल सुटली तेव्हापासून मला एका जागी बसवेना. भाकरी थापताना तवा रिकामाच तापत राहायचा. हे नरवीरचे जुने खेळाडू, दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली, त्यामुळं मैदानावर जायची बंदी. ते घरात केबलवर मॅच बघायचे. त्यांनी मला काही विचारलं नाही. ते न विचारणंच मला जास्त टोचत होतं.

शनिवारी जोतीरामचा फोन आला.

"आक्का, उद्या सकाळी सात वाजता."

"जोती, या वेळी नको रं. घरात कीपर हाय माझ्या."

"म्हणून काय झालं? तू आमची न्हाईस काय?"

"तुमचीच हाय की. पण..."

"पोरं म्हणत्यात, आक्कानं ओवाळल्याबिगर बाहेर पडणार न्हाय. बापूसो तर म्हणाला, एकोणनव्वदला हिनं दगा दिला, आता परत देती का बघू."

बापूसो म्हणजे जोगेश्वरीचा अध्यक्ष. बाळंतपणाला दगा म्हणणारा माणूस.

"तू काय म्हणालास त्याला?" मी विचारलं.

 "दाजींना सांगू नको," म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी अंबाबाईला जाते म्हणून निघाले. चौसष्ट वर्षांची बाई, आणि शाळा चुकवलेल्या पोरीसारखी भिंतीच्या कडेनं चालत होते. तालमीच्या दारात पिवळी रांग उभी. बायडाबाईनं ताट तयार ठेवलं होतं. ती माझ्या माहेरच्या गल्लीतली, माझ्याच वयाची, लहानपणी आम्ही एकत्र जिबल्या खेळलेल्या. "उशीर केलास गं," ती म्हणाली. मी म्हटलं, वय झालं.

ओवाळत ओवाळत अमरपाशी आले. त्याच्या उजव्या बुटाच्या टोकाला कुंकू लावायला खाली वाकले, तसा तोही गुडघ्यावर बसला, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"आत्ती, घरात गेल्यावर राजूलाबी लाव."

"येडा का काय तू?"

"न्हाय, खरंच. एकट्यालाच लावलंस तर मला त्याच्यावर गोल मारताना कसंतरी वाटंल. फिट्टंफाट हूं दे."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. तीन दिवस जो गुंता सुटत नव्हता तो पोरानं एका वाक्यात सोडवला असं वाटलं. घरी आले. राजवीर पिशवी भरत होता. पांढरेशुभ्र नवे ग्लोव्हज वर ठेवले होते. मी देवघरातलं कुंकू आणलं आणि उजव्या ग्लोव्हजच्या तळव्यावर बोट टेकवलं.

"आई! नवे हायत ते," राजवीर ओरडला.

"असू दे. ओवाळलंय तुला म्हणून समज."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तिकडं जाऊन आलीस न्हवं?" तो म्हणाला, पण रागानं नाही. "दाद्याचा बूट आणि माझा हात. बरोबरीत सुटती बघ मॅच." आणि हसत निघून गेला.

माझी चूक तिथं झाली. दोघांना सारखं वाटून दिलं की न्याय झाला, असं पंक्तीत वाढताना ठीक असतं. ज्या पेठेनं चव्वेचाळीस वर्षं माझ्या हातावर गोल मोजले, ती हे कसं घेईल याचा मी विचारच केला नाही.

स्टेडियमवर मी आणि राजवीरची बायको संयोगिता बायकांच्या बाजूला बसलो. मी मुद्दाम राखाडी लुगडं नेसले होते. दोन पायऱ्या खाली बायडाबाई आणि माहेरच्या सात-आठ जणी. डावीकडं सगळं पिवळं, उजवीकडं सगळं निळं, हलग्या, शिट्ट्या, ऊन. मी मनाशी ठरवलं होतं, टाळी कुणालाच वाजवायची नाही. हात पदराखाली घेऊन बसले.

पहिल्या अर्ध्यात नरवीरनं एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात जोगेश्वरीची पोरं इरेला पेटली. अमरच्या पायात बॉल आला की पिवळी बाजू उठून उभी राहायची. दोनदा त्यानं मारलेला बॉल खांबाला लागून गेला. मग पासष्टाव्या मिनिटाला नरवीरच्या एकानं डी मध्ये त्याला पाडलं आणि पंचांनी पेनल्टी दिली.

अमरनं अख्ख्या कारकिर्दीत कोल्हापुरात पेनल्टी चुकवली नव्हती. पिवळ्या बाजूनं गुलालाची पोती आधीच फोडली. संयोगितानं माझा दंड धरला. समोर माझे दोघं. एकाच हातचं कुंकू, एकाच्या पायाला, एकाच्या हाताला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

अमरनं बॉल ठेवला. चार पावलं मागं गेला. मान वर करून बघितलं. मग नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तसाच थांबला. शिट्टी झाली, तो धावला, बॉल राजवीरच्या उजव्या अंगाला गेला आणि राजवीरनं झेप घेऊन एका हातानं तो बाहेर घालवला.

निळी बाजू फुटली नुसती. राजवीर उठला, बायकांच्या बाजूला वळला आणि उजवा पंजा उंच करून मला दाखवला. आणि मी, तीन दिवस स्वतःला बजावलेली मी, उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

बायडाबाईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग राजवीरच्या हाताकडं बघितलं. पांढऱ्या तळव्यावरचा लाल ठिपका एवढ्या लांबून दिसायला नको होता, पण दिसत होता.

"अगं बया," ती म्हणाली. मग आवाज चढला. "बघा की गं! त्याच्या हाताला कुंकू हाय! सकाळी आमच्यात, दुपारी तिकडं! आमच्या पोराच्या पायाला लावून बांधून ठेवला, आणि लेकाचा हात मोकळा सोडला!"

"बायडे, काय बोलतीस तू?" मी म्हटलं. "अमरनंच सांगितलं मला..."

"अमर सांगंल? पेनल्टी चुकवाय सांगंल?"

पुढं काय झालं ते सांगायला जास्त वेळ लागेल, घडायला अर्धं मिनिट लागलं. बायकांच्या बाजूकडून ते पिवळ्या बाजूला गेलं, मोबाईलवर गेलं, तोंडी गेलं. कॉर्नर किक व्हायच्या आत सगळी पिवळी बाजू एका सुरात ओरडायला लागली होती.

"आक्का, आक्का! कुणाची आक्का?"

हलगीच्या ठेक्यावर. काहींना तर कशाबद्दल ते ठाऊकही नसेल, ठेका चांगला होता म्हणून ओरडत असतील. मग पाण्याच्या बाटल्या आमच्या दिशेनं यायला लागल्या. एक संयोगिताच्या खांद्याला लागली. पंचांनी खेळ थांबवला.

मी जोतीरामला शोधत होते. तो टचलाईनपाशी बापूसोशेजारी खुर्चीवर बसला होता. उठला. मला वाटलं, आता हा पिवळ्या बाजूला जाऊन हात वर करेल, म्हणेल की गप्प बसा, माझी बहीण आहे ती. तो आमच्या जाळीपाशी आला. जाळीत बोटं अडकवून म्हणाला, "आक्का, तू घरला जा."

"मी काय केलंय जोती?"

"काय केलंय ते मागनं बघू. आत्ता जा."

पाठ वळवून तो खुर्चीवर जाऊन बसला. एकोणनव्वद साली घोळक्यात कसा उभा राहिला असेल, ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

तोवर पंचांनी कॅप्टन म्हणून अमरला पिवळ्या बाजूकडं पाठवलं होतं, लोकांना शांत करायला. तो गेला, दोन्ही हात वर केले. ओरडणं थांबलं. आपल्या कॅप्टनचं ऐकतात लोक. तो काही बोलणार, एवढ्यात वरून एकजण ओरडला, "तुझा काय दोष न्हाय रं अमऱ्या! तुझ्या आत्तीनंच पाय बांधला तुझा!" आणि सगळी पिवळी बाजू हसली. प्रेमानं हसली. मग त्याच्या नावाचा जयजयकार सुरू केला.

अमर परत वळला. खेळ सुरू झाला. कॉर्नर आला, बॉल वरून त्याच्याकडंच आला, त्यानं छातीवर घेतला, पायाखाली दाबला. आणि थांबला. समोरचे दोघं पाय मारायला आले, तेही थांबले, कारण त्यानं खाली वाकून बॉल हातात घेतला होता. पंचांनी शिट्टी मारली. अमर त्यांच्याकडं चालत गेला, बॉल त्यांच्या हातात दिला, दंडावरची पट्टी काढून बॉलवर ठेवली. काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर कळलं, "सर, मी संपलो. आजपास्नं न्हाय खेळणार."

पंचांना वाटलं दुखापत झाली. बेंचवरचे धावत आले. जोगेश्वरीचे तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते, म्हणजे उरलेली टीम दहांची. बापूसो आडवा आला, शर्ट धरला, अमरनं शांतपणे त्याची बोटं एक एक करून सोडवली आणि फाटकातून बाहेर पडला. त्या स्टेडियममध्ये मी पन्नास वर्षं मॅच बघितल्या, तिथं इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं. मग शिव्या सुरू झाल्या. आता त्याच्या नावानं.

एका महिला पोलिसानं मला आणि संयोगिताला मागच्या दारानं काढलं आणि रिक्षात बसवलं. सगळ्या रस्त्यानं मला एकच दिसत होतं, ते जाळीतली बोटं सोडवून वळलेलं जोतीरामचं पाठमोरं अंग. गेलं, मी मनात म्हणत होते. गेलं माझं माहेर. पुन्हा गेलं.

घराचा जिना चढतानाच यांचा आवाज ऐकू आला. बायपासनंतर त्यांना मोठ्यानं बोलायची मनाई होती.

"अजून सात मिनिटं हायत की रं! आत्ता टीव्हीत होतास, आत्ता दारात कसा?"

आत स्वयंपाकघरात अमर पाटावर बसला होता. पिवळी जर्सी, पायात बूट तसेच, बुटांचा चिखल फरशीवर. हे समोर रिमोट घेऊन उभे. मागं टीव्हीवर मॅच चालूच.

"रिक्षानं आलो, मामा."

"रिक्षानं आलो! शाबास! आमच्या विरुद्धच्या टीमचा असशील, पण कॅप्टन हाईस न्हवं? दहा जणांना टाकून येतोस? मी एकोणनव्वदला दुसऱ्या दिवशी टाके घेऊन सरावाला गेलतो!"

"मामा, तुम्ही बसा. छातीत दुखंल."

"दुखू दे! आधी सांग, का सोडलंस?"

अमर माझ्याकडं बघत नव्हता. फरशीकडं बघत होता.

"पेनल्टीला उभा राहिलो न्हवं," तो म्हणाला, "तवा वर बघितलं. कीपरचे डोळे बघायचे असत्यात. मी बघितला राजूचा हात. लाल ठिपका. आणि माझ्या मनात आलं..." त्यानं बुटाचा चिखल बोटानं खरवडला. "आत्ती, मनात आलं की तू त्याला जास्त लावलंस. माझ्या बुटाला नुसतं बोट टेकवलंस, आणि लेकाला नीट लावलंस. मला बांधलंस."

 टीव्हीत कुणीतरी शिट्टी मारली.

"मीच तुला लाव म्हणून सांगिटलं, आणि मलाच तसं वाटलं. मग पाय नीट पडलाच न्हाय. आणि वरनं ती माणसं जे ओरडाय लागली, ते माझ्याच मनातलं होतं. शब्दाला शब्द. त्यांना गप्प कर म्हणून गेलो, तर काय सांगणार मी त्यांना? खोटं हाय म्हणून? मला तरी कुठं खोटं वाटलं होतं?"

"आता वाटतं का?" मी विचारलं.

"आता न्हाय. पण तवा वाटलं की. दहा वर्षं बाहेर खेळलो आत्ती, बंगाल्यांच्यात, गोयंकरांच्यात. तिथं चुकलो तर मी चुकलो. इथं मी कवाच चुकत न्हाय. एकतर तुझा हात असतो, न्हाईतर कुणाचा तरी दगा असतो. परत त्या मैदानात उभा राहिलो तर परत तसंच बघीन मी. म्हणून बास."

यांनी टीव्हीकडं वळून रिमोट रोखला. मग टीव्ही बंद केला. स्वतःची टीम फायनल जिंकत होती, चार मिनिटं राहिली होती, आणि त्या माणसानं टीव्ही बंद केला. "बूट काढ," म्हणाले. "फरशी कोण पुसणार? आणि हिला काहीतरी खायला करू दे तुझ्यासाठी."

मी पोहे भिजवले. दुसरं काय करणार. माझ्यावर संशय घेतला म्हणून मला राग यायला पाहिजे होता, आणि येत नव्हता. त्यानं तो संशय तोंडावर सांगितला तरी. बाकीच्यांनी बाटल्या मारल्या.

दिवे लागायच्या वेळेला नरवीरची मिरवणूक गल्लीत आली. निळा गुलाल, हलगी, फटाके. राजवीरला खांद्यावर घेतलेलं. तो खाली उतरून वर आला तो केसापासून पायापर्यंत निळा. अमरला बघून दारातच थांबला. खाली लोक त्याचं नाव घेत होते.

"दाद्या," तो म्हणाला, "ते सगळं ऱ्हाऊ दे. एकच सांग. पेनल्टी मी अडवली का न्हाय?"

अमरनं पोह्याची बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता तरी पोरगा खोटं बोलेल. एवढं एक खोटं देवानंही माफ केलं असतं.

"मी वाईट मारली, राजू," अमर म्हणाला.

राजवीरचं तोंड निळ्या रंगाखाली कसं झालं ते मला अजून आठवतं. "खाली पेठ म्हणत्या आईच्या कुंकवानं अडवली," तो म्हणाला. "तू म्हणतोस तुझ्या वाईट पायानं. मग झेप कुणी घेतली रं तिच्यायला?" आणि जिना उतरून पुन्हा मिरवणुकीत गेला. तो असं माझ्यासमोर पहिल्यांदा बोलला होता.

आठच्या सुमाराला जोतीरामचा फोन आला. अमर कुठं आहे ते त्यानं विचारलं नाही. कळलंच असणार. त्याच्या मागं माणसांचा गलका ऐकू येत होता, त्याच्या दारात जमलेल्यांचा.

"आक्का," तो म्हणाला, "आजपास्नं तुला माहेर हाय म्हणून कुणाला सांगू नको."

हे तो मला म्हणाला, का मागच्या माणसांना ऐकवायला म्हणाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण ती पंचमी आली नि गेली, आणि पुढची, आणि त्याच्या पुढची.

आता कोण कुठं आहे ते सांगते.

अमर पुन्हा फुटबॉल खेळला नाही, बघितलाही नाही. पेठ सोडली. गडमुडशिंगीला प्रियदर्शनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या माहेरची जागा होती, तिथं गोठा टाकला. आज बारा म्हशी आहेत. त्याला शिकवायला बोलावणं आलं होतं, दोन-तीन ठिकाणहून. गेला नाही. म्हणतो, "म्हशीला पेठ नसती, आत्ती. दूध कमी दिलं तर चारा बघायचा." मंगळवार पेठेत तो पाय ठेवत नाही, आणि जोतीराम गडमुडशिंगीला जात नाही.

राजवीर आणखी तीन हंगाम खेळला. त्या झेपेचा व्हिडिओ अजून मोबाईलवर फिरतो, आणि खाली लोक कुंकवाबद्दलच लिहितात. तो पुण्याला एका क्लबात गोलकीपरांना शिकवतो. माझ्याशी चांगला वागतो. पण दिवाळीला ओवाळताना मी ताट पुढं केलं की त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं जातात. अमरशी फोनवर बोलतो. त्या पेनल्टीचा विषय दोघं काढत नाहीत.

हे २०२२ ला गेले. झोपेत. त्या वर्षी नरवीर सेमीफायनललाच हरली होती. दहाव्याला अमर आला, सगळं बघितलं. जोतीराम आला नाही. सुतक पाळलं, असं मात्र कानावर आलं.

बापूसोला अर्धांगवायू झाला, पण अध्यक्ष तोच आहे. बायडाबाई लेकीकडं कागलला राहते. तिथंही ती सांगते म्हणे, सगळ्यात आधी मी बघितलं. जोगेश्वरीनं ओवाळण्याची पद्धत बंद केली. दोन वर्षांपूर्वी बिनकुंकवाचीच फायनल जिंकली. त्या रात्रीची मिरवणूक मी घरातून ऐकली. ठेका तोच होता.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. फायनलच्या दिवशी अजून घरात बसवत नाही. सकाळपासून काहीतरी काढते, घालते, नळ बंद आहे का बघून येते.

गेल्या श्रावणात डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं म्हणून मंगळवार पेठेत गेले होते. परतताना बसथांब्यावर आले, तर बाकावर जोतीराम बसलेला. हातात काठी, पायात सूज. वाळला होता. त्यानं मला बघितलं. मी उभी राहिले. बस लवकर येईना. मग तो काठी दुसऱ्या हातात घेऊन बाकावर जरा सरकला.

मी बसले.

दोघं रस्त्याकडं बघत होतो. शाळा सुटलेली, पोरं दंगा करत चाललेली.

"अमऱ्याची म्हस व्याली म्हणं," तो म्हणाला.

"व्हय. परवा दिवशी."

"काय झालं?"

"रेडी."

"चांगलं झालं." त्यानं काठीवर हनुवटी टेकली. "दूध किती देती?"

"आत्ताच कुठं व्यालीय. खरवस पाठवलाता मला."

 माहेरचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं, दार उघडं दिसत होतं. घरात ये, असं तो म्हणाला नाही, आणि मीही त्या बाजूला बघितलं नाही. बस आली. मी उठले तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी परत असतंय का डॉक्टरचं?"

नव्हतं. मी म्हटलं, असतंय.